दिवाणातली तिसरी कॅसेट

दिवाणाची फळी उचलली की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग जुन्या गोधड्यांचा, आणि त्यांच्याही खालून, दबलेला, प्लॅस्टिकचा एक गोडसर वास. तो मी आमच्या घराबाहेर कुठे घेतलेला नाही. न फोडलेल्या कॅसेटचा वास. इतक्या वर्षांनी तो अजून नवाच आहे, आणि त्याचं काय करावं ते मला कळत नाही.

अमरावतीच्या घरातला हा दिवाण आईला आता नको आहे. तिचे गुडघे दुखतात, फळी उचलवत नाही. सुतार येऊन तो घेऊन जाणार म्हणून मी पुण्याहून सुट्टी काढून आले आणि दिवाण रिकामा करत बसले. गोधड्या निघाल्या, पितळी भांडी निघाली, बाबांचा खाकी शर्ट निघाला. बाबा एसटीत कंडक्टर होते. ते गेल्यावर आईने त्यांचे बाकीचे कपडे देऊन टाकले, हा एक ठेवला. खिशावर तिकिटांच्या शाईचा जांभळट डाग आहे. त्याखाली जुन्या वर्तमानपत्राचा थर होता आणि त्याखाली त्या, विटांसारख्या रचलेल्या. सगळ्या एकच. पांढऱ्या साडीतली आत्या हातात माइक धरून उभी, मागे रंगवलेलं निळं आकाश आणि उगवता सूर्य, वर लाल अक्षरांत ‘प्रमिला आणि पार्टी, अकोला’. प्रत्येकीवरचा चकचकीत कागद जसाच्या तसा.

आई दारात उभी होती. म्हणाली, “झाकून ठेव ते.”

दिवाण जाणार, तर झाकायचं कशाखाली, हे तिने सांगितलं नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत दोनच गायक होते. म्हणजे जगात पुष्कळ असतील, पण आमच्यासाठी दोनच. एक बडनेऱ्याचे मास्तर. त्यांना सगळेच मास्तर म्हणत. ते शाळेत शिकवत होते की नुसतंच तसं म्हणत, हे मला आजही माहीत नाही. दुसरी प्रमिला आत्या, माझ्या बाबांची धाकटी बहीण, अकोल्याची. दोघांच्याही गायन पार्ट्या होत्या. दोघंही भीमगीतं गात. मास्तरांचा आवाज उन्हाळ्यातल्या काळ्या मातीसारखा होता, रुंद आणि भेगाळलेला. आत्याचा आवाज खळ घालून उन्हात वाळवलेल्या पातळासारखा. ताठ. हात लावला तर आवाज होईल असा.

आणि या दोघांत मोठं कोण, हा वाद आमच्याकडे बाराही महिने चाले. हिवाळ्यात अंगणात संत्र्यांची सालं पडत आणि त्या सालींच्या वासात वाद. मोर्शीच्या गाडीवर ड्यूटी असली की बाबा पिशवीभर संत्री आणत. समोरचे रामटेके काका ती खात बसत आणि बाबांचीच संत्री खाऊन बाबांच्याच बहिणीला दोन नंबरवर ढकलत. उन्हाळ्यात हाच वाद कूलरसमोर. कूलरमधल्या वाळ्याचा ओला, मातकट वास यायचा आणि पंख्याच्या घरघरीच्या वर आवाज चढवून ते बोलायचे, म्हणून उन्हाळ्यात वाद जास्त कडू वाटे. खरं तर तो तेवढाच असे.

गाणं चांगलं की वाईट, यावर ते बोलत नसत. गाण्याबद्दल बहुधा त्यांचं एकमत होतं. वाद असे कोणाच्या कॅसेटी जास्त गेल्या याचा. पुरावे वेगवेगळे. जयस्तंभाजवळच्या कॅसेटच्या दुकानात दाराला दोरी बांधून कॅसेटची कव्हरं लटकवलेली असत. कोणाचं वरच्या दोरीवर आहे, हा एक पुरावा. कोणाचं गाणं धारणीच्या जीपमध्ये वाजतं, हा त्याहून मोठा, कारण धारणीपर्यंत रस्ताही नीट जात नव्हता, तर गाणं जायचं म्हणजे ते गाणं चालणारंच असलं पाहिजे. रामटेके काकांचा पुरावा सगळ्यांत वरचा होता. ते म्हणत, ज्याची डुप्लिकेट निघते तो खरा मोठा. मास्तरांची डुप्लिकेट बसस्टँडवर ढिगाने मिळते, तुमच्या प्रमिलाबाईची एक दाखवा. बाबा यावर खुर्ची पुढे ओढत. मग म्हणत, “आमच्या प्रमिलाची नक्कल कराले कंपनीत कारागीर नाही.” तेव्हा मला ते उत्तर फार जोरदार वाटायचं. आता वाटत नाही, पण ते म्हणताना बाबांचा चेहरा आठवला की पुन्हा वाटतं.

सकाळी मी निळा पिनाफोर घालून दुसऱ्याच देशात जायची. आमच्या इंग्रजी शाळेत मुली डब्याच्या सुट्टीत परदेशी बँडची तुलना करत. पाच मुलांचा एक बँड, चार मुलांचा दुसरा. कोणाचे अल्बम जास्त खपले, कोण किती आठवडे नंबर वन. एकीच्या वहीत वर्तमानपत्राच्या पुरवणीतून कापलेले तक्ते चिकटवलेले होते. मी डब्याचं झाकण हातात धरून ऐकत बसे. मला कोणी विचारलं की मी त्या दोनपैकी एका बँडचं नाव सांगे. जो त्या दिवशी जिंकत असेल त्याचं. माझ्या आत्याच्या कॅसेटी निघतात, तिचा फोटो दुकानाच्या दारात लटकतो, हे मी तिथे कधी बोलले नाही. लाज होती की काय होतं, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही. कधी वाटतं लाजच. कधी वाटतं, आत्या त्या तक्त्यात जाऊन पडू नये, तिला तिथे कोणी कितवी तरी म्हणू नये, म्हणून मी तिला जपून ठेवलं होतं. आमचं आडनाव ऐकून मुलींच्या आयांनी क्षणभर थांबणं मला ओळखता यायला लागलं होतं. त्यामुळे मी घरातलं कमीच बोलायची. जे कमी बोलतात त्यांना पुष्कळ ऐकू येतं, एवढंच.

पण शाळेतून एक गोष्ट मी घरी आणली: ‘नंबर वन’ हा शब्द. एका संध्याकाळी बाबांना विचारलं, आत्या नंबर वन कधी होणार? बाबा तेव्हा तिकिटांची पत्र्याची पेटी पुसत होते. त्या पेटीला पत्र्याचा, शाईचा आणि हजार हातांच्या घामाचा वास असे. ते म्हणाले, “तिसरी निघून राहिली ना. आता पाह्य तू.”

तिसरी कॅसेट निघाली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आत्या अकोल्याहून पेढे घेऊन आली होती. दुकानदाराने बाबांना सांगितलं होतं की पहिला माल उठला पाहिजे. पहिला माल उठला तर कंपनी चौथीचं बघेल, आणि मग प्रमिलाबाई मास्तरांच्या बरोबरीला येतील. हे वाक्य बाबांनी घरी येऊन आईला सांगितलं, मला सांगितलं, रामटेके काकांना मात्र सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबा माल उठवायला लागले.

ते कंडक्टर होते, त्यामुळे त्यांच्या वाटेवर सगळी गावं होती. मूर्तिजापूर, दर्यापूर, मोर्शी, अकोला. गाडी स्टँडवर थांबली की ड्रायव्हर चहाला जाई आणि बाबा कॅसेटच्या दुकानाला. दोन इथून, चार तिथून. त्यांचे दोस्त कंडक्टरही आणून देत. चेष्टा करत पण आणत. संध्याकाळी बाबा घरी आले की चामड्याच्या पिशवीतून आधी डबा निघे, मग तिकिटांचे उरलेले गठ्ठे, मग आत्या. एकामागून एक, सगळीकडे तोच माइक, तोच सूर्य. आई कपाळाला हात लावी. बाबा दिवाणाची फळी उचलून त्या आत रचत, वर वर्तमानपत्र, वर गोधड्या. मग म्हणत, “मूर्तिजापूरची संपली.”

मी त्या दिवाणावर झोपायची. मला कळलेलं असं होतं की गाणी संपतात तेव्हा ती आमच्या दिवाणात येतात. इतर गायकांची कोणाच्या दिवाणात जात असतील, याचाही मी विचार करायची.

वाजवायला त्यातली एकही फोडली नाही. घरात आत्याची दुसरी वाजायची, टेप ओढल्यासारखी होईपर्यंत. ओढली की बाबा कापसाच्या बोळ्याला अत्तर लावून टेपरेकॉर्डरचं हेड पुसत आणि खोलीभर हिना पसरे. तिसरीतली गाणी कशी आहेत, मला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होती का, हेही माहीत नाही. अंघोळ करताना ते गुणगुणत ती मास्तरांची गाणी असत. बाहेर आल्यावर तसं म्हटलं तर म्हणत, पाण्याचा आवाज असते तो.

मग एप्रिल आला आणि जयंती आली. त्या दिवसांचा उजेडच वेगळा असायचा. सकाळी आठलाच ऊन पांढरं होई, त्यात घराघरांतून पांढरे कपडे निघत, त्यामुळे गल्लीकडे बघवत नसे. निळ्या पताकांची सावलीसुद्धा निळी पडते असं मला वाटायचं. बुंदीच्या तुपाचा वास, पाणपोईच्या रांजणाला गुंडाळलेल्या ओल्या पोत्याचा वास, आणि चौकाचौकांत भोंगे. आत्या दुपारी अकोल्याच्या गाडीने आली. स्टँडवरून ऑटोने इर्विन चौकातून, सगळ्या मंडळांसमोरून, आमच्या घरापर्यंत. ती आत आली, पाणी प्यायली, ग्लास पालथा घातला आणि बाबांना म्हणाली, “दादा, दुकानदार म्हनते एकही उरली नाही. मंग वाजून कुठंच काहून नाही राहिली?”

बाबा म्हणाले, “घरी वाजवत असतील लोकं.”

“इतकी लोकं घरीच वाजवून राहिली?”

बाहेरून मास्तरांचा आवाज येत होता. एका भोंग्यातून एक गाणं, दुसऱ्यातून दुसरं, दोन्ही त्यांचीच. मी दिवाणावर बसून पाय हलवत बुंदी खात होते आणि माझ्या टाचा फळीवर ठक ठक वाजत होत्या. बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मी पाय वर घेतले. का घेतले ते मला कळलं नव्हतं.

चौथी कॅसेट निघाली नाही. आत्या त्यानंतर कुठल्याच स्टेजवर गायली नाही. अंगणवाडीत लागली, पुढे तिथूनच निवृत्त झाली. का थांबली, हे आमच्याकडे कोणी बोललं नाही. कॅसेटचं दुकान आधी सीडीचं झालं, मग मोबाइलचं. काल मी तिथून मोबाइलची काच बदलून आणली. दाराला दोरी अजून आहे. तिच्यावर मोबाइलची रंगीत कव्हरं लटकतात.

पुण्याला माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक मुलगी आहे, फार गोड. तिच्या आवडत्या कोरियन बँडचं नवं गाणं आलं की ती आम्हा सगळ्यांना लिंक पाठवते आणि विनवते की दिवसभर लावून ठेवा. तिच्या ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावलेला एक जुना फोन असतो आणि त्यावर ते गाणं सारखं फिरत असतं, आवाज बंद करून. समोरच्या बँडला मागे टाकायचंय, ती म्हणते. मी तिला विचारलं, तू ऐकतेस का? ती म्हणाली, अगं, ऐकायला वेळ कुठे आहे, आत्ता आकडा वाढवायचाय. मी हसले, आणि मग जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन उभी राहिले. बाबांची फार आठवण आली. ते मूर्ख होते की काळाच्या पुढे होते, हे कोणाला विचारावं ते कळेना.

दिवाण रिकामा करत होते त्याच दिवशी आत्याचा फोन आला. अकोल्याच्या उत्सव समितीची माणसं तिच्याकडे आली होती. यंदाच्या जयंतीला जुने गायक एका स्टेजवर आणायचे आहेत. प्रमिलाबाई आणि बडनेऱ्याचे मास्तर समोरासमोर. मास्तर हो म्हणालेत. बॅनरवर लिहायला कोणाच्या किती कॅसेटी गेल्या तेही हवं आहे. आत्याने त्यांना नाही म्हणून परत पाठवलं होतं. तरी मला म्हणाली, “तुमच्या त्या मोबाइलात सापडते का पाह्य बरं, कोनाच्या जास्त गेल्या. मले जायाचं नाही. नुसतं मालूम असावं म्हनून.”

आईला मी विचारलं, सांगू का तिला? आई पितळेचा गंज, ते मोठं पातेलं, घासत होती. तिने गंजाच्या तळाला चिंच लावली. मग म्हणाली की सांगशील तर तिला कळेल की लोकांनी तिला टाकलं नव्हतं, त्यांना ती मिळालीच नाही. आणि हेही कळेल की जी गेली ती सगळी तिच्या भावानेच नेली. “यातलं कोनतं आधी कळते, त्यावर आहे,” ती म्हणाली आणि गंज पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेली काळी रानं होती. मांडीवरच्या बॅगेत मी एकच कॅसेट घेतली होती. दाखवायची की नाही हे मूर्तिजापूरला ठरवू असं म्हटलं, आणि मूर्तिजापूर गेलं. अकोल्याला उतरलं की डाळमिलचा भाजका, धुळकट वास येतो. लहानपणी मला वाटायचं, हा आत्याचाच वास आहे.

आत्या अंगणातल्या सावलीत वर्षाचे गहू निवडत होती. केस पांढरे झालेत. पाठ मात्र तशीच, कव्हरवरच्यासारखी. मी तिच्यासमोर बसले आणि आधी जे सोपं होतं ते सांगितलं. कॅसेटच्या विक्रीचा आकडा कुठेच नाही, कोणी ठेवलेलाच नाही. मास्तरांची गाणी लोकांनी मोबाइलवर टाकली आहेत, पुष्कळ जण ऐकतात. तिची पहिल्या दोन कॅसेटींमधली दोन गाणी आहेत. खाली कोणीतरी लिहिलंय की हा आवाज आता कुठे आहे.

“आन तिसरी?” तिने सुपातून वर न बघता विचारलं.

“तिसरी कुठेच नाही.”

तिने एक खडा अंगणात फेकला. मग तिने मला जे सांगितलं, ते मी घरात कधीच ऐकलं नव्हतं. पूर्वी दोन पार्ट्यांचा मुकाबला असे. एक गायक गाण्यातून सवाल टाके, समोरच्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. तिथल्या तिथे नाही सुचला तर पुढच्या कार्यक्रमात द्यायचा, पुढच्या वर्षी द्यायचा, पण द्यायचा. सवाल उचललाच नाही, तर समोरचा आपल्याला गायकच मानत नाही असा त्याचा अर्थ होई. तिसऱ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, सगळ्यात शेवटी, तिने मास्तरांना सवाल टाकला होता. त्या एप्रिलला ती अमरावतीला आली होती ती जवाब ऐकायला. त्या वर्षी आला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

“कॅसेट तं संपली होती,” ती म्हणाली. “म्हंजे त्याईच्याइथंबी गेलीच असंन. तरी एक शब्द नाही. तवा मंग समजलं, आपन त्याईच्या गिनतीतच नाही. मंग कायले गायाचं, बाई?”

गहू सुपात पुढे मागे होत राहिले. मला वाटलं होतं की मी एका भावाची गोष्ट झाकून बसले आहे. ती तेवढीच नव्हती. मी बॅग उघडली आणि कॅसेट तिच्या सुपात, गव्हावर ठेवली.

ती ओळखायला वेळ लागला नाही. पण हात लावायला लागला. मी सांगितलं ते सगळं सलग सांगितलं. आयुष्यात इतकं सलग मी कोणाशी बोलले नसेन. मूर्तिजापूर, दर्यापूर, मोर्शी, चामड्याची पिशवी, दिवाण. मी त्याच्यावर झोपायची, हेही. शेवटी तिने कॅसेट उचलली आणि चकचकीत कागदावरून अंगठा फिरवला.

“एकही फोडली नाही त्यानं?”

“नाही.”

“स्वतःसाठीबी?”

मी मान हलवली. तिच्या गळ्यातून काहीतरी निघालं. ते हसू होतं की दुसरं काही, मला ओळखता आलं नाही. ती म्हणाली, “बाप्पा. दादानं मले जितवलं का हरवलं, सांग बरं. तू इंग्रजीत शिकली.”

मी पुष्कळ शिकले आहे. एक चिमणी आत्याने अंगणात फेकलेल्या खड्याला गहू समजून चोच मारून गेली, परत आली, परत मारून गेली.

मग आत्याने पदराला हात पुसले आणि समितीवाल्यांनी दिलेला मास्तरांचा नंबर मला लावायला सांगितला. मला फोनवर अनोळखी माणसाशी बोलता येत नाही, पण नंबर लावण्यापुरतं माझं काम होतं. मी स्पीकर चालू केला. त्यांच्या सुनेने उचलला. तिने आत हाक मारली आणि बराच वेळ चपला घासत येण्याचा आवाज आला.

“कोन?”

“प्रमिला. अकोल्याची.”

फोन लागलेला आहे ना, हे मी पडद्यावर बघितलं. मग तो आवाज आला. भेगा वाढल्या होत्या, रुंदी तेवढीच होती.

“बाई, तुमची थे तिसरी कुठं भेटते?”

आत्या माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे.

मास्तर बोलतच होते. तिच्या ढोलकीवाल्याने त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की कॅसेटमध्ये मास्तरांना सवाल आहे, पण शब्द त्याला नीट सांगता आले नव्हते. त्यांनी अमरावतीत शोधली, दर्यापूरला शोधली, मोर्शीपर्यंत गेले. सगळीकडे एकच उत्तर, संपली. “मी म्हनलं, इतकी कशी खपली बाप्पा, माही तं इतकी कधी नाही खपली. मंग वाटलं, बाईनंच उचलून घेतली असंन, मास्तरच्या हाती लागू नाही म्हनून.”

“मले काहून नाही इचारलं?” आत्या म्हणाली.

“सवाल का मांगून घ्याचा असते, बाई?”

आत्याने डोळे मिटले. त्या दोघांच्या मधे बाबा होते, दोन्ही हातांत कॅसेटी घेऊन, आणि मला ते इतके स्पष्ट दिसले की मी सरकून जागा दिली. त्यांच्यावर रागवावं, की त्यांना हाताला धरून बसवावं, की आत्याला म्हणावं, बघ, तुझ्या कॅसेटी मास्तरांपेक्षा जास्त गेल्या, हे ते स्वतःच कबूल करताहेत. यातलं काहीच मी केलं नाही. मोठं कोण, हा बाराही महिने चाललेला वाद त्या अंगणात एका वाक्यात आत्याच्या बाजूने मिटला होता आणि कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

कॅसेट वाजवायला घरात यंत्र नव्हतं. आत्याने तसं विचारलंही नाही. सूप बाजूला ठेवलं, पाठ ताठ केली आणि फोनवर वाकून म्हणायला लागली. आवाज पहिल्यांदा फाटला. ती थांबली, थुंकी गिळली, परत सुरुवात केली.

मोर्च्याचं गाणं मास्तर तुमी गाता मोठ्या मानानं,
मोर्च्याची भाकर थापली, सांगा, कोणत्या हातानं?

हे गाणं मी पहिल्यांदा ऐकत होते. इतकी वर्षं त्याच्या वर झोपून. ती पुढे दोन कडवी गायली, तिसरं विसरली, नुसती चाल म्हणून पुढे गेली आणि धृपदावर येऊन थांबली. कुंपणापलीकडे शेजारीण धुणं पिळता पिळता थांबली होती.

पलीकडे शांतता होती. इतका वेळ, की मला वाटलं मास्तरांनी फोन ठेवून दिला, किंवा त्यांना ऐकूच गेलं नाही, किंवा खरंच जवाब नाही. आत्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट बघवलं नाही. मी तिच्या हातांकडे बघत बसले, त्यांना गव्हाची धूळ लागली होती.

मग काहीतरी ओढल्याचा, झटकल्याचा आवाज आला आणि त्यांची सून फोनवर आली. “आत्याबाई, आमचे बाबा बाजाची पेटी काढून राहिले,” ती म्हणाली. “फोन ठेवू नका म्हनते.”

“नाही ठेवत,” आत्या म्हणाली.